दोन कंठ, एक तबकडी
(आकाशवाणीवरील भाषण)

धुळ्याहून सुरतेकडे जातांना कोंडाईबारीचा घाट उतरून आलें म्हणजे आमचें विसरवाडी गांव लागतें. लगीनसराई सुरू झाली कीं या हमरस्त्यावरून बँडच्या गाड्या जाऊं लागतात. मोठ्या मालमोटारीवर लाऊडस्पीकरांच्या भिंती रचलेल्या असतात. वर कॅसिओ, गिटार आणि ढोल घेऊन पोरें उभीं असतात. पुढें वऱ्हाडी मंडळी हातांत हात घालून नाचत असतात. आमच्या भागांतील आदिवासी लग्नांत जीं रोडाली गीतें पूर्वीं बायका मांडवांत बसून गात, तींच आतां या गाड्यांवरून दोन-दोन कोसांवर ऐकूं येतात.

अशाच एका बँडांतील माझा जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यांत माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मंडळींनीं एक युगुलगीत ध्वनिमुद्रित केलें होतें. त्यासाठीं गुजरातच्या हद्दींतून एक तरुण गायिका पाहुणी म्हणून बोलाविली होती. गाणें चांगलें उतरलें आणि मग भांडण लागलें. तिचें म्हणणें असें कीं, माझा आवाज मागें लोटला आहे आणि माझें नांव कोठेंच नाहीं. बँडचें म्हणणें असें कीं, चाल आमची, वाद्यें आमचीं, खर्च आमचा; ती एका दिवसाची पाहुणी. सारें सांगून झाल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, आतां तुम्हीच सांगा, कोणाचं खरं?”

मीं त्याला त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. त्याचें कारण शेवटीं सांगेन. “आठ दिवसांनीं ये,” एवढेंच म्हणालों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संगीत हा माझा विषय नव्हे. परंतु अशाच एका गाण्याची हकीकत मला ठाऊक होती. ती मीं पुन्हां नीट पाहिली, आणि आज तीच आपणांपुढें ठेवीत आहें. पाश्चात्त्य रॉक संगीतांतील एका नामांकित बँडनें एका तितक्याच नामांकित पाहुण्या गायकाबरोबर एक तबकडी कशी तयार केली, त्याची ही हकीकत आहे. हें सारें घडलें दूर स्वित्झर्लंडमध्यें. पण तिचा एक धागा आपल्या पांचगणीपर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम, दोन आवाज एका तबकडीवर उतरतात कसे, हें पाहूं. भावगीतगायक जी. एन. जोशी यांचें नांव आपल्यापैकीं जाणत्या मंडळींस परिचित असेल. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं गांधारी हनगल या नांवाच्या तरुण गायिकेबरोबर कांहीं युगुलगीतें गायिलीं. पुढें गंगूबाई हनगल म्हणून ज्यांना सारा देश ओळखूं लागला, त्याच या. त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांपलीकडे गाणें मावत नसे. गाणारे आणि वाजविणारे सर्व एकाच वेळीं एकाच खोलींत बसत आणि त्यांचा आवाज मेणाच्या जाड चकतीवर कोरला जाई. कोरलेलें खोडतां येत नसे. एकाचा सूर ढळला किंवा तबलजी घाईंत गेला, तर ती चकती वायां जाई आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागे. कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा लहान, हें मुख्यतः मायक्रोफोनपासून कोण किती अंतरावर आहे यावर ठरे. एकानें तान घेतली कीं दुसऱ्यानें किंचित् मागें सरावें, असा शिष्टाचार गातांगातांच पाळावा लागे. सारांश, दोघांमधील न्यायनिवाडा जागच्याजागीं, दोघांच्या डोळ्यांदेखत होत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिमुद्रणासाठीं चुंबकीय फीत प्रचारांत आली, आणि १९७० नंतर मोठ्या ध्वनिमुद्रणालयांतून दोन इंच रुंदीची, चोवीस पट्ट्यांची फीत वापरूं लागले. ही काय वस्तु आहे, हें मी माझ्या सवयीप्रमाणें फळ्याचें उदाहरण देऊन सांगतों. एका लांब फळ्यावर चोवीस ओळी आखल्या आहेत असें समजा. पहिल्या ओळीवर ढोल, दुसरीवर खर्जाची गिटार, तिसरीवर पियानो, चौथीवर एक गायक, पांचवीवर दुसरा. एखादी ओळ पुसून पुन्हां लिहिली तरी शेजारच्या ओळीस धक्का लागत नाहीं. आज ढोल वाजवावा, उद्यां गावें, परवां दुसऱ्यानें गावें. सर्वांनीं एकत्र यावयास हवेंच असें नाहीं. शेवटीं एक मनुष्य मेजाशीं बसतो, प्रत्येक ओळीचा आवाज कमी-अधिक करतो आणि सर्वांचें मिश्रण करून एक गाणें तयार करतो. सोय फार मोठी झाली. परंतु जो न्याय पूर्वीं मायक्रोफोनसमोर होई, तो आतां मेजाशीं होऊं लागला, आणि बहुधा गाणाऱ्याच्या पाठीमागें होऊं लागला. माझ्या विद्यार्थ्याच्या बँडमधील भांडणाचें मूळ येथेंच आहे.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. १९४६ सालीं झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबांत फारूख बलसारा या मुलाचा जन्म झाला. बलसारा हें आडनांव बलसाडवरून, म्हणजे आमच्या शेजारच्या दक्षिण गुजरातेंतील वलसाडवरून आलेलें आहे. वयाच्या आठव्या वर्षीं वडिलांनीं त्याला बोटीनें हिंदुस्थानांत पाठवून पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वसतिगृहांत ठेविलें. तेथें तो पियानो शिकला आणि मित्रांच्या तोंडीं ‘फ्रेडी’ झाला. १९५८ च्या सुमारास त्या शाळेंतील पांच मुलांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा बँड काढला आणि शाळेच्या समारंभांतून ते वाजवूं लागले. त्या बँडचा मुख्य गायक मात्र फ्रेडी नव्हता. तो पियानोवर साथ करी. ज्याच्या आवाजासाठीं पुढें लाखों लोक मैदानें भरून टाकणार होते, तो मुलगा पांचगणीस दुसऱ्याच्या गाण्यामागें पियानो वाजवीत बसलेला होता, ही गोष्ट शिक्षकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वर्गांत मागें बसलेल्या मुलाविषयीं आपण फार लौकर मत बनवितों.

१९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलें. १९७० सालीं ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला आणि फारूख बलसारा ‘फ्रेडी मर्क्युरी’ झाला. गिटारवर ब्रायन मे, ढोलांवर रॉजर टेलर आणि १९७१ पासून खर्जाच्या गिटारवर जॉन डीकन, असे हे चौघे. चौघेही गीतें रचीत. बँडला यश भरपूर मिळालें होतें. आपापल्या मताचा आग्रहही चौघांपाशीं तितकाच भरपूर होता.

स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा सरोवराच्या कांठीं मॉन्ट्रो नांवाचें गांव आहे. तेथील ‘माउंटन स्टुडिओ’ हें ध्वनिमुद्रणालय क्वीननें विकत घेतलें होतें. १९८१ च्या उन्हाळ्यांत हे चौघे तेथें आपल्या नव्या गीतसंग्रहाच्या कामांत होते. त्याच प्रदेशांत इंग्रज गायक डेव्हिड बोवी राहत असे. तो दुसऱ्या एका गाण्याच्या निमित्तानें त्या ध्वनिमुद्रणालयांत आला आणि यांना भेटला. प्रारंभीं त्यानें क्वीनच्या एका तयार गाण्यांत थोडा साथीचा आवाज दिला. तो पुढें त्याला स्वतःलाच पसंत पडला नाहीं आणि त्याच्या सांगण्यावरून काढून टाकण्यांत आला. मग मंडळी सहज वाजवीत बसली. जुनीं, इतरांचीं गाणीं वाजवून झालीं आणि आपलेंच कांहीं नवें कां करूं नये, अशी कल्पना निघाली.

त्या नव्या गाण्याचा पाया खर्जाच्या गिटारवरील एका लहानशा आकृतीवर आहे. तिच्यांत दोनच सूर आहेत. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज पुनःपुन्हां वाजतो आणि मग एकदां मंद्र पंचमावर उतरतो. एवढ्याशा सामग्रीवर सारें गाणें उभें आहे. या आकृतीची एक गंमत सांगतात. ती सुचल्यावर मंडळी जेवावयास बाहेर गेली आणि परत आल्यावर डीकनला ती आठवेना; मग दुसऱ्यानें आठवण करून दिली. ती नेमकी कोणीं आठवून दिली, कोणीं बदलली, मूळ कोणाची, याविषयीं त्या मंडळींच्याच आठवणी पुढें एकमेकींशीं जुळल्या नाहींत. खोटें कोणी बोलत होतें असें मला वाटत नाहीं. पांच जण एका खोलींत एकच वस्तु घडवूं लागले म्हणजे ‘हें माझें’ आणि ‘हें तुझें’ यांमधील रेघ त्या रात्रींच पुसट होते. वर्षें लोटल्यावर ती कोणास दिसणार?

वाद्यांचा सांगाडा तयार झाला, पण शब्द नव्हते, चालही नव्हती. तेव्हां अशी युक्ति ठरली कीं, प्रत्येकानें एकेकट्यानें ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जावें, वाद्यें ऐकावीं आणि जें सुचेल तें गावें. दुसऱ्यानें काय गायिलें हें मात्र ऐकावयाचें नाहीं. ही कल्पना बोवीची होती असें सांगतात. सर्वांचें गाणें फितीवर उतरल्यावर त्यांतील उत्तम तुकडे निवडून एकापुढें एक जोडावयाचे. आपण मघाशीं पाहिलेला चोवीस ओळींचा फळा येथें उपयोगीं पडला. मेणाच्या चकतीवर ही गोष्ट घडलीच नसती. मर्क्युरीनें शब्द नसतांना नुसत्या अक्षरांवर घेतलेले कांहीं आलाप शेवटपर्यंत तसेच राहिले. ऐकणाऱ्यास वाटतें कीं ते फार योजनापूर्वक घातले असावेत. वास्तविक ते वाट शोधणाऱ्या माणसाचे चांचपडणारे हात होते, आणि म्हणूनच ते जिवंत वाटतात.

या गाण्याचें प्रथमचें नांव रस्त्यावरील माणसांवरून घेतलेलें होतें. पुढें शब्दांची सूत्रें बोवीनें आपल्या हातीं घेतलीं आणि नांव ‘अंडर प्रेशर’, म्हणजे ‘दडपणाखालीं’, असें झालें. यजमानाच्या घरीं पाहुण्यानें स्वयंपाकाचा ताबा घ्यावा, तसाच हा प्रकार. ब्रायन मे यांनीं नंतर मुलाखतींतून मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, हें सहन करणें सोपें नव्हतें. चौघे आधींच हट्टी, आणि पांचवा त्या चौघांइतका एकटाच हट्टी. तरीही कांहीं जण मागें सरले म्हणून गाणें पुरें झालें.

खरें भांडण पुढेंच होतें, आणि तें मेजाशीं झालें. फीत न्यूयॉर्कला गेली. तेथें अंतिम मिश्रणाच्या वेळीं कोणाचा आवाज किती, गिटार किती, पियानो किती, यावरून मर्क्युरी आणि बोवी यांचें जमेना. तबकडी प्रसिद्धच होऊं नये, अशी भाषाही कांहीं काळ झाली. अखेर जें मिश्रण बाहेर आलें, त्यानें मे यांचें आजही पूर्ण समाधान झालेलें नाहीं. तें आपल्या मनाप्रमाणें पुन्हां करावें अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली आहे. ज्या गाण्याला जगानें डोक्यावर घेतलें, तें करणाऱ्यांपैकीं एकाला अजून अपुरें वाटतें. दोघांच्या मतानें केलेल्या कामांत प्रत्येकाला थोडी हार पत्करावीच लागते.

२६ ऑक्टोबर १९८१ रोजीं ही तबकडी बाहेर पडली. सुमारें चार मिनिटांचें गाणें. नोव्हेंबरांत तें ब्रिटनमधील विक्रीच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसलें. १९७५ नंतर क्वीनला तें स्थान प्रथमच मिळत होतें. तबकडीवर नांवें दोन छापलीं होतीं, क्वीन आणि डेव्हिड बोवी. पाहुण्याचें नांव बारीक अक्षरांत दडविलें नव्हतें. गीताच्या कर्तृत्वाखालीं तर पांचही नांवें आहेत, चौघांचीं आणि पाहुण्याचें. कोणता सूर कोणाचा यावर ज्यांचें एकमत झालें नाहीं, त्यांनीं सर्वांचीं नांवें लिहून तो प्रश्न मिटविला. मला वाटतें, त्या साऱ्या उन्हाळ्यांतील हें सर्वांत शहाणपणाचें काम होय.

नांव न लिहिल्यानें काय होतें, याचा दाखलाही याच गाण्यांत आहे. १९९० सालीं अमेरिकेंतील एका तरुण गायकानें तीच खर्जाची आकृति आपल्या गाण्यांत वापरली आणि मूळ कर्त्यांचा उल्लेख केला नाहीं. तें गाणें अमेरिकेंत अतिशय गाजलें. पण पुढें तडजोड होऊन क्वीन आणि बोवी यांचीं नांवें गीताच्या कर्त्यांत घालावीं लागलीं. दोनच सूर; पण ते कोणाच्या तरी घरचे होते.

आणखी एक गोष्ट. हें युगुलगीत मर्क्युरी आणि बोवी यांनीं रंगमंचावर एकत्र असें कधींच गायिलें नाहीं. क्वीनच्या जलशांतून पाहुण्याचा भागही मर्क्युरीच गात असे आणि ढोलवादक टेलर त्याला साथीचा आवाज देत असे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं मर्क्युरीचें निधन झालें. पुढील वर्षीं २० एप्रिलला लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर त्याच्या स्मरणार्थ मोठा जलसा झाला. तेथें बोवी क्वीनच्या उरलेल्या तिघांबरोबर हें गाणें गाण्यास उभा राहिला आणि मर्क्युरीचा भाग ॲनी लेनॉक्स या गायिकेनें गायिला. नंतरच्या वर्षांत बोवीच्या स्वतःच्या जलशांतून तो भाग त्याच्या बँडमधील गेल ॲन डॉर्सी ही खर्जाची गिटार वाजवीत वाजवीत गात असे. २०१६ च्या जानेवारींत बोवीही गेला. ते दोघे एकत्र गातांना ऐकावयाचे असतील, तर आतां ती तबकडीच आहे. मॉन्ट्रोच्या त्या खोलींत कोणीं मागें सरण्याचें नाकारलें असतें, किंवा न्यूयॉर्कच्या मेजाशीं एकानें ‘नको’ म्हटलें असतें, तर तेंही उरलें नसतें.

आठ दिवसांनीं माझा विद्यार्थी आला, तेव्हां त्याला मीं हें सारें सांगितलें. तो म्हणाला, “गुरुजी, ते मोठे लोक. आमचं गाणं तर लग्नांतलं.” मीं म्हटलें, “तुझ्या संगणकांत तिच्या आवाजाची ओळ वेगळी आहे ना? मग ती पुसली गेलेली नाहीं. तिला बोलाव आणि मेजाशीं तिच्या देखत बसा.” तसें त्यांनीं केलें. तिचा आवाज किती वर घ्यावा, यावर घटकाभर वाद झाला. नांव आधीं कोणाचें, यावर अर्धा दिवस गेला. शेवटीं दोन्ही नांवें एकाच ओळींत, सारख्याच अक्षरांत आलीं.

आतां पहिल्या दिवशीं मीं उत्तर कां दिलें नाहीं, तें सांगतों. फार वर्षांपूर्वीं, मी तरुण शिक्षक असतांना, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत एका मुलानें आणि एका मुलीनें मिळून स्वागतगीत गायिलें होतें. चाल त्या मुलीच्या आईनें शिकविलेली होती. समारंभाचा वृत्तांत लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. मुलगा मोठ्या आवाजाचा, सर्वांच्या ओळखीचा. मीं त्याचेंच नांव लिहिलें आणि पुढें ‘व इतर’ असे दोन शब्द घातले. वृत्तांत फलकावर लागला. ती मुलगी बराच वेळ त्यापुढें उभी होती. कांहीं बोलली नाहीं. मीही कांहीं बोललों नाहीं. जो मनुष्य स्वतः असें वागला, त्यानें दुसऱ्यास एकदम निवाडा कोणत्या तोंडानें द्यावा?

हें भाषण लिहावयास घेतल्यावर एकदां नवापूरच्या बाजारांत ती मला भेटली. आतां तिची नात शाळेंत जाते. मीं तिला तो वृत्तांत आठवतो का, म्हणून विचारलें आणि माझी चूक कबूल केली. ती हंसली आणि म्हणाली, “आठवतं ना गुरुजी. पण तुम्हांला आठवत असेल, असं वाटलं नव्हतं.”

श्रोतेहो, आपल्या घरीं मुलें गाणीं करतात, नाटकें बसवितात, संगणकावर आवाज जोडतात. त्यांच्या कामावर नांवें लिहिण्याची वेळ आली कीं ‘व इतर’ हे दोन शब्द त्यांना लिहूं देऊं नका.